युद्धातल्या शौर्याचं स्मृतिपदक: त्यावर काय कोरायचं, हे ठरवतं कोण?

३१ ऑक्टोबर १९४३. मुंबई बंदरात 'लर्लाइन' नावाचं जहाज लागलं आणि त्यातून अमेरिकी सैनिक उतरले. मुंबईत ते थांबले नाहीत. त्यांना थेट नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत नेण्यात आलं. तिथून ते मध्य भारतात देवगढच्या जंगलात सरावासाठी गेले आणि १९४४ च्या सुरुवातीला पायी बर्मामध्ये, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, शिरले. जवळपास ३ हजार स्वयंसेवक सैनिकांची ही तुकडी 'मेरिल्स मरॉडर्स' या नावानं ओळखली जाते.

या तुकडीत १४ जण असे होते ज्यांचे चेहरे शत्रूसारखे होते. हे जपानी वंशाचे अमेरिकी दुभाषे होते. ते जंगलात जपानी सैनिकांच्या अगदी जवळ जाऊन त्यांचं बोलणं ऐकायचे आणि आपल्या अधिकाऱ्यांना सांगायचे. पकडले गेले असते तर त्यांचं काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

युद्ध संपल्यावर अनेक दशकांनी अमेरिकी संसदेनं जपानी वंशाच्या सैनिकांसाठी एक सुवर्णपदक मंजूर केलं आणि नंतर मरॉडर्ससाठी दुसरं. म्हणजे या १४ जणांचा सन्मान दोन पदकांतून झाला.

पण इथे एक प्रश्न येतो. हजारो माणसांची, अनेक वर्षांची गोष्ट तळहाताएवढ्या गोल चकतीवर बसवायची कशी? कुणाचा चेहरा घ्यायचा? कोणती लढाई घ्यायची आणि कोणती सोडायची? आणि हे ठरवण्याचा अधिकार कुणाला?

हेच आज समजून घेऊया.

आधी एक गोंधळ दूर करू

सैन्याची पदकं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गणवेशाच्या छातीवर लावलेली पदकं येतात. ती शौर्यासाठी किंवा सेवेसाठी सैनिकाला व्यक्तिशः मिळतात. अमेरिकेत अशा पदकांच्या डिझाइनचं काम सैन्याची वेगळी संस्था बघते. तिचं नाव इन्स्टिट्यूट ऑफ हेराल्ड्री.

आपण ज्याबद्दल बोलतोय ते आहे 'काँग्रेशनल गोल्ड मेडल'. हे पदक अमेरिकी संसद खास कायदा करून देते. ते शास्त्रज्ञ, खेळाडू, कलाकार यांनाही मिळालेलं आहे आणि सैन्याच्या अख्ख्या तुकड्यांनाही. हे पदक गणवेशावर लावायचं नसतं. तुकडीचा सन्मान असेल तर सोन्याचं पदक साधारणपणे एकच बनतं आणि बऱ्याचदा ते एखाद्या संग्रहालयात ठेवलं जातं.

मग सैनिकांच्या हातात काय येतं? त्याच डिझाइनच्या कांस्य प्रतिकृती. टांकसाळ, म्हणजे 'युनायटेड स्टेट्स मिंट', अशा प्रतिकृती ३ इंच आणि दीड इंच अशा दोन आकारांत बनवते आणि त्या कुणालाही विकत घेता येतात. म्हणजे मूळ सोन्याचं पदक फार थोडे लोक जवळून बघतात. बाकी सगळ्यांच्या घरात पोचतं ते डिझाइन. त्यामुळेच ते निवडताना इतका काथ्याकूट होतो.

समितीची परंपरा २५० वर्षांची

पदकाच्या डिझाइनसाठी समिती नेमणं हे आजचं नोकरशाहीचं खूळ नाही. अगदी पहिल्या पदकापासून हेच चालत आलंय.

ब्रिटिश सैन्याला बोस्टन शहर सोडायला लावल्याबद्दल २५ मार्च १७७६ ला जॉर्ज वॉशिंग्टन यांना सुवर्णपदक द्यायचा ठराव झाला. तेव्हा अमेरिकेनं स्वातंत्र्याची घोषणाही केली नव्हती. पदकावर काय असावं हे ठरवायला तिघांची समिती नेमली गेली: जॉन ॲडम्स, जॉन जे आणि स्टीफन हॉपकिन्स. यातले ॲडम्स पुढे देशाचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले आणि जे पहिले सरन्यायाधीश.

त्या वेळी द्यु सिमितिएर नावाच्या चित्रकारानं एक कल्पना मांडली होती. त्यात स्वातंत्र्यदेवता वॉशिंग्टन यांच्यावर रेलून उभी होती. पण ते पदक कधी बनलंच नाही. शेवटी पदक बनलं पॅरिसमध्ये, द्युविव्हिए या कलाकाराच्या हातून, आणि वॉशिंग्टन यांना ते मिळालं १७९० मध्ये. ठरावानंतर तब्बल १४ वर्षांनी!

त्या पदकावर एका बाजूला वॉशिंग्टन यांचा चेहरा आहे. दुसऱ्या बाजूला टेकडीवर घोड्यावर बसलेले वॉशिंग्टन आणि त्यांचे अधिकारी आहेत आणि समोर बोस्टनमधून निघून जाणारी ब्रिटिश जहाजं आहेत. म्हणजे देवता गेली आणि प्रत्यक्ष घडलेला प्रसंग आला. प्रतीक घ्यायचं की प्रसंग, हा वाद आजही प्रत्येक बैठकीत होतो.

आज डिझाइनचा प्रवास कसा होतो?

टप्प्याटप्प्यानं बघूया.

१. कायदा. पदकासाठी आधी विधेयक लागतं. प्रथा अशी की त्याला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा आधीच हवा. प्रतिनिधीगृहात ४३५ पैकी २९० आणि सिनेटमध्ये १०० पैकी ६७. त्यामुळे माजी सैनिक आणि त्यांची मुलं-नातवंडं एकेका खासदाराचं दार ठोठावत फिरतात. कायद्यात पदक कुणासाठी आहे ते लिहिलेलं असतं, पण त्यावर नेमकं चित्र कोणतं हे बहुधा लिहिलेलं नसतं. तो निर्णय अर्थमंत्र्यांवर सोडलेला असतो.

२. माहिती गोळा करणं. टांकसाळ त्या तुकडीच्या संघटनेशी किंवा कुटुंबीयांच्या प्रतिनिधींशी बोलते. गणवेश कसा होता, कोणती बंदूक वापरत, चिन्ह काय होतं, कोणती लढाई त्यांना स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते, असं सगळं विचारलं जातं.

३. चित्रं. टांकसाळीचे स्वतःचे पदक-शिल्पकार फिलाडेल्फियात काम करतात. शिवाय २००३ पासून बाहेरच्या चित्रकारांनाही या कामात घेतलं जातं. एकाच पदकासाठी पुढच्या आणि मागच्या बाजूचे अनेक पर्याय तयार होतात. आपल्या भाषेत सांगायचं तर छाप्याचे वेगळे आणि काट्याचे वेगळे.

४. दोन समित्यांसमोर सुनावणी. खरी परीक्षा इथे होते. त्याबद्दल पुढे सविस्तर.

५. अंतिम सही. समित्या फक्त शिफारस करतात. शेवटचा निर्णय अर्थमंत्र्यांचा असतो. त्यानंतर शिल्प घडतं, साचा बनतो आणि पदक छापलं जातं.

या दोन समित्या कोणत्या?

पहिली आहे 'कमिशन ऑफ फाइन आर्ट्स'. ही १९१० मध्ये स्थापन झाली. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले ७ सदस्य तिच्यात असतात. राजधानी वॉशिंग्टनमधल्या इमारती आणि स्मारकं कशी दिसावीत, हे बघणं तिचं मुख्य काम. १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी आदेश काढला आणि पदकं, बोधचिन्हं, नाणी यांची डिझाइनंही तिच्याकडे जाऊ लागली. ही मंडळी डिझाइनकडे प्रामुख्यानं कलाकृती म्हणून बघतात.

दुसरी आहे 'सिटिझन्स कॉइनेज ॲडव्हायझरी कमिटी', म्हणजे नागरिकांची सल्लागार समिती. ही २००३ च्या कायद्यानं आली. तिच्यात ११ जण असतात आणि ते कुठून येतात हेही कायद्यात ठरलेलं आहे:

- नाण्यांच्या संग्रहाची देखभाल करणारा एक संग्रहालयतज्ज्ञ
- पदककला किंवा शिल्पकलेतला एक जाणकार
- अमेरिकी इतिहासाचा एक अभ्यासक
- एक नाणेतज्ज्ञ
- सामान्य जनतेचे ३ प्रतिनिधी
- संसदेतल्या सत्ताधारी आणि विरोधी नेत्यांनी सुचवलेले ४ जण

या यादीतले ३ सामान्य नागरिक महत्त्वाचे आहेत. कारण पदक शेवटी सामान्य माणसानं हातात घेऊन बघायचं असतं. त्याला ते कळलं नाही, तर तज्ज्ञांनी कितीही माना डोलावल्या तरी उपयोग नाही.

या समितीच्या बैठका जनतेसाठी खुल्या असतात. तिथे तुकडीचे प्रतिनिधीही आपलं म्हणणं मांडतात. मग प्रत्येक सदस्य प्रत्येक डिझाइनला ० ते ३ गुण देतो. ११ ही सदस्य हजर असतील तर कमाल गुण ३३. बेरीज झाली की चर्चा पुन्हा सुरू होते. 'हे डिझाइन घेऊ, पण मागचं विमान काढा', 'अक्षरं मोठी करा', असे बदलही सुचवले जातात.

समिती नेमकं बघते काय?

मोबाइलवर छान, धातूवर कसं? चित्र स्क्रीनवर मोठं दिसतं. पण दीड इंची प्रतिकृती म्हणजे फक्त ३८ मिलिमीटर. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून अंदाज घ्या. एवढ्या जागेत १२ सैनिक, २ विमानं, नकाशा आणि ३ ओळी मजकूर भरला तर काय दिसेल? खिचडी. शिवाय पदकाला रंग नसतो. जे काही सांगायचं ते उठावातून आणि सावलीतून. म्हणून मोकळी जागा सोडलेली डिझाइनं जाणकारांना जास्त आवडतात.

तपशील बरोबर आहे का? शिरस्त्राण त्या वर्षीचंच आहे ना? बंदूक त्या तुकडीकडे होती का? बिल्ला डाव्या खांद्यावर की उजव्या? आपल्याला हे किरकोळ वाटेल. पण त्या तुकडीतला नव्वदीतला आजोबा पदक हातात घेईल आणि 'ही आमची बंदूकच नव्हती' म्हणेल, तर सगळ्या सन्मानावर पाणी पडतं.

चेहरा कुणाचा? तुकडीचा सन्मान असेल तर एका ओळखीच्या माणसाचा चेहरा घेतला की बाकीचे बाजूला पडतात. कुणाचाच न वाटणारा चेहरा घेतला तर पदक निर्जीव वाटतं. आणि ज्या तुकडीचा सगळा इतिहास तिच्या वंशामुळे झालेल्या भेदभावाचा आहे, तिथे चेहऱ्याची ठेवण चुकून चालत नाही.

अभिमान की वेदना? संघटनांना बहुधा विजय दाखवायचा असतो. अभ्यासकांना वाटतं, त्या विजयाची किंमतही दिसावी. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात आणि चकती एकच असते.

एक पदक जवळून बघू: निसेई सैनिक

आता पुन्हा त्या १४ दुभाष्यांकडे येऊ.

अमेरिकेत जन्मलेल्या जपानी वंशाच्या दुसऱ्या पिढीला 'निसेई' म्हणतात. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर १९४२ मध्ये सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरातून उठवून काटेरी तारांच्या छावण्यांत डांबण्यात आलं. त्यातल्या बहुतेकांकडे अमेरिकी नागरिकत्व होतं. आणि त्याच समाजातली तरुण मुलं अमेरिकेच्याच सैन्यातून लढली. काहींचे आईवडील तेव्हा छावणीत होते.

युरोपात लढणारी १०० वी बटालियन आणि ४४२ वी रेजिमेंट त्यांच्या पराक्रमासाठी प्रसिद्ध झाली. पण पॅसिफिक आणि बर्मामध्ये काम करणारे निसेई दुभाषे लष्करी गुप्तवार्ता विभागात होते. त्यांचं काम गुप्त असल्यामुळे युद्धानंतरही बराच काळ त्यांच्याबद्दल बोललं गेलं नाही.

पदकाच्या बाबतीतही सुरुवातीला हेच झालं. मूळ विधेयकात १०० वी बटालियन आणि ४४२ वी रेजिमेंट होती. गुप्तवार्ता विभागाचं नाव नंतर जोडलं गेलं. ५ ऑक्टोबर २०१० ला कायदा झाला. माजी सैनिकांच्या आणि समाजाच्या संघटनांनी एकत्र येऊन 'नॅशनल व्हेटरन्स नेटवर्क' उभं केलं आणि डिझाइनच्या कामात टांकसाळीला मदत केली. २ नोव्हेंबर २०११ ला पदक दिलं गेलं.

त्या पदकावर काय आहे? पुढच्या बाजूला युरोप आणि पॅसिफिक अशा दोन्ही आघाड्यांवरचे निसेई सैनिक आहेत. खाली ४४२ व्या रेजिमेंटची ध्वजतुकडी आहे. सोबत 'गो फॉर ब्रोक' हे घोषवाक्य, म्हणजे आपल्याकडचं सगळं पणाला लावणं. मागच्या बाजूला तिन्ही तुकड्यांची चिन्हं आहेत आणि कडेनं दोर फिरलाय. वेगवेगळ्या तुकड्या एकत्र बांधल्या गेल्या, हे सांगणारा दोर.

आता वरचे निकष लावून बघा. एका नायकाचा चेहरा नाही, कारण सन्मान सगळ्यांचा आहे. दोन्ही आघाड्या आहेत, त्यामुळे जंगलातले दुभाषे सुटले नाहीत. तीन चिन्हं शेजारी-शेजारी आहेत. कायद्यात उशिरा आलेली तुकडी पदकावर मागे राहिलेली नाही.

या यादीत काटेरी तार मात्र नाही. पदक लढलेल्यांबद्दल बोलतं, छावणीतल्या आईवडिलांबद्दल नाही. ते योग्य झालं की नाही, यावर दोन मतं असू शकतात. पण पदक बघताना जे आहे त्यासोबत जे नाही तेही बघावं.

एका पदकात मावत नसेल तर?

कधीकधी एकच डिझाइन सगळ्यांना न्याय देऊ शकत नाही. दुसऱ्या महायुद्धात नाव्हाहो जमातीच्या सैनिकांनी आपल्या भाषेवर आधारलेल्या संकेतांतून संदेश पाठवले, हे अनेकांना माहीत असतं. त्यांना २००१ मध्ये पदकं मिळाली आणि त्यावर नाव्हाहो भाषेतला मजकूर आहे. ज्या भाषेनं काम केलं, तीच भाषा पदकावर.

पण असं काम इतर मूळनिवासी जमातींच्या सैनिकांनीही दोन्ही महायुद्धांत केलं होतं. त्यांच्यासाठी २००८ मध्ये वेगळा कायदा झाला. २० नोव्हेंबर २०१३ च्या समारंभात ३३ जमातींचा सन्मान झाला आणि प्रत्येक जमातीच्या पदकाचं डिझाइन वेगळं ठेवलं गेलं. सगळ्यांसाठी एकच 'आदिवासी सैनिक' कोरणं सोपं आणि स्वस्त झालं असतं. पण मग प्रत्येकाच्या वेगळ्या भाषेचा सन्मान होतोय, हा मुद्दाच हरवला असता.

इतका वेळ का लागतो?

ही प्रक्रिया नीट आहे, पण वेगवान नाही. निसेई पदकाला कायद्यापासून समारंभापर्यंत साधारण १३ महिने लागले. महायुद्धात खोट्या रणगाड्यांनी जर्मनांना फसवणाऱ्या 'घोस्ट आर्मी'चा कायदा फेब्रुवारी २०२२ मध्ये झाला आणि समारंभ मार्च २०२४ मध्ये. पहिल्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय 'हार्लेम हेलफायटर्स'चा कायदा ऑगस्ट २०२१ मध्ये झाला आणि समारंभ सप्टेंबर २०२५ मध्ये. तोवर त्या तुकडीतलं कुणीही हयात नव्हतं. पदक बघायला वंशज आले.

मरॉडर्सचा कायदा ऑक्टोबर २०२० मध्ये झाला. देवळालीला उतरलेल्या जवळपास ३ हजारांपैकी तेव्हा मोजकेच जण उरले होते. म्हणून समितीत 'हे डिझाइन परत पाठवा' म्हणणं सोपं नसतं. परत पाठवलं तर डिझाइन सुधारेल, पण ते बघायला कोण असेल?

आणि आपल्याकडे?

समिती नसतानाही अजरामर डिझाइन होऊ शकतं, याचं उदाहरण आपल्या घरातलं आहे. परमवीर चक्र.

स्वातंत्र्यानंतर नवीन शौर्यपदकं ठरवताना मेजर जनरल हिरालाल अटल यांनी हे काम सावित्रीबाई खानोलकर यांच्याकडे दिलं. सावित्रीबाई जन्मानं युरोपीय. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या आणि त्यांनी पुराणांचा, संस्कृतचा सखोल अभ्यास केला. दधीची ऋषींनी वज्रासाठी स्वतःच्या अस्थी दिल्या, ही कथा त्यांनी मनाशी धरली. मध्यभागी राजमुद्रा आणि चार बाजूंना इंद्राचं वज्र. जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचं कांस्य. गर्दी नाही, प्रसंग नाही, चेहरा नाही. २६ जानेवारी १९५० ला हे पदक सुरू झालं. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळालं.

मग समित्या हव्यातच कशाला? फरक असा की परमवीर चक्र हे पुढे येणाऱ्या प्रत्येक वीरासाठी आहे, त्यामुळे तिथे प्रतीकच हवं. स्मृतिपदक मात्र ठरावीक माणसांचं असतं. ती माणसं किंवा त्यांची मुलं समोर बसलेली असतात आणि विचारतात, 'यात आम्ही कुठे आहोत?' या प्रश्नाचं उत्तर एकट्या कलाकारानं देणं अवघड. तिथे इतिहासकार लागतो, शिल्पकार लागतो आणि काहीच माहीत नसलेला सामान्य माणूसही लागतो.

म्हणून पुढच्या वेळी टाइमलाइनवर एखाद्या पदकाचा, स्मारकाचा किंवा नव्या नाण्याचा फोटो आला, तर 'भारी' किंवा 'फालतू' अशी कमेंट टाकण्याआधी तो थोडा झूम करून बघा. कोण दिसतंय? कोण राहून गेलंय? आणि ते ठरवताना खोलीत कोण कोण बसलं होतं?